खान्देशातून दुबईला शिफ्ट होताय? राहायचा एरिया कसा ठरवायचा ते सविस्तर

दुबईला नोकरी लागली की आपल्याकडचा माणूस, मग तो जळगावचा असो, धुळ्याचा नाहीतर शहाद्याचा, पहिलं काम काय करतो तर मोबाईलवर फ्लॅटचे भाव बघायला लागतो, आणि जिथं भाडं कमी दिसलं तो एरिया डोक्यात फिक्स. भो, हे उलटं झालं. आधी ऑफिस कुठंय ते बघा, मग पोरं असतील तर शाळा, मग या दोघांच्या मधे मेट्रो नाहीतर धड रस्ता आहे का, आणि भाडं त्याच्यानंतर. या क्रमानं गेलं की एवढ्या मोठ्या शहरातून दोन-तीनच एरिया हातात राहतात, मग त्यात काय घासाघीस करायची ती करा.

कंपनी राहायला देत असेल तर निदान पहिलं वर्ष तिथंच काढा, बाकीच्यांसाठी पुढचं.

पहिल्या महिन्यात कायमचं घर घेऊ नका

तसं घेताही येत नाही सहसा. घर भाड्यानं घ्यायला एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, लागतं, भाडं पुढच्या तारखांच्या चेकनी द्यायचं असतं म्हणून चेकबुक लागतं, चेकबुकला बँकेचं खातं, आणि खात्याला परत एमिरेट्स आयडी न पगाराचं पत्र. व्हिसा, मेडिकल, आयडी, बँक ही गाडी पूर्ण होईपर्यंत हॉटेल अपार्टमेंट, नाहीतर कुणाच्या तरी फ्लॅटमधे एक रूम शेअरिंगवर.

शेअरिंग घेताना एक बघा, पार्टिशन मारलेली खोली घेऊ नका. हॉलमधे प्लाय ठोकून तीन खोल्या केलेल्या असतात, स्वस्त पडतात, पण ते बेकायदा आहे, २०२५ च्या जूनमधे दुबई म्युनिसिपालिटीनं रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा, रफ्फा या भागांत अशा पार्टिशनवर मोहीमच काढली होती. घर रिकामं करायला सांगितलं की सामान घेऊन रस्त्यावर तुम्ही, मूळ भाडेकरूला फोन लागत नाही. ज्याच्या नावावर घर आहे त्याला सांगायचं की दुबई रेस्ट या सरकारी अॅपमधे माझं नाव सोबत राहणारा म्हणून टाक. टाळाटाळ करायला लागला की समजून जायचं.

बायकोपोरांना पण लगेच आणायची घाई नको. फॅमिली स्पॉन्सर करायला पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि वर कंपनीचं राहणं, असा नियम आहे आणि त्या फाईलला घराचा रजिस्टर केलेला करार, म्हणजे एजारी, लागते. घर ठरल्यावरच फॅमिली, असाच क्रम पडतो. आणि इथं ४,००० मधे फॅमिली आणता येते पण चालवता येत नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.

नकाशा किलोमीटरमधे वाचू नका

जळगावात पिंप्राळ्याहून एमआयडीसीत जायचं तर स्कूटर काढली की झालं. दुबई समुद्राच्या कडेनं लांबच लांब पसरलंय, देराहून जबल अली चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जळगावहून भुसावळला जाऊन परत यायला थोडंसंच कमी, आणि हे सगळं एकाच शहरात. मधून शेख झायेद रोड, त्याला समांतर आत वाळवंटाच्या बाजूला शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि एमिरेट्स रोड. सकाळी सगळे एकाच वेळी निघतात.

मग काय करायचं, ऑफिसचा पत्ता टाका, गुगल मॅपवर कामाच्या दिवशी सकाळी ९ ला पोहोचायचं असं सेट करा, आणि जो एरिया मनात आहे तिथून किती वेळ दाखवतं ते बघा. परत येतानाचं पण बघा, संध्याकाळी ६ चं. शनिवार-रविवार टाकून बघू नका, २०२२ पासून इथं सुट्टी शनिवार-रविवारची आहे, रस्ते मोकळे दिसतात आणि माणूस फसतो.

गाडी घेणार असाल तर सालिकचा हिशेब धरा. सालिक म्हणजे टोल, गाडी कमानीखालून गेली की आपोआप कापतो. जानेवारी २०२५ च्या शेवटापासून कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेत, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, एका गेटला ६ दिरहॅम, इतर वेळी ४, रात्री १ ते ६ फुकट. जाता दोन गेट येता दोन गेट लागले तर दिवसाला २४, महिन्याचे २२ दिवस धरले तर ५२८ दिरहॅम नुसता टोल, पेट्रोल-पार्किंग वेगळं. लांबच्या एरियात भाडं महिन्याला पाचशेनं कमी दिसत होतं ना, ते इथंच गेलं.

पण खरी गोष्ट अशी की पहिले काही महिने गाडी नसतेच. रेसिडेन्स व्हिसा लागला की आपल्या इंडियन लायसन्सवर चालवता येत नाही, इथलं लायसन्स काढावं लागतं, त्याचे क्लास आणि टेस्ट, लोक एका फटक्यात पास होतातच असं नाही. त्यामुळं पहिलं घर मेट्रोच्या चालत्या अंतरावरच घ्या, यात मी तरी काही तडजोड करायला सांगणार नाही. रेड लाईन २००९ ला सुरू झाली, ग्रीन लाईन २०११ ला, दोन्ही बुर्जुमान आणि युनियन या स्टेशनांवर एकमेकींना भेटतात, त्यामुळं ऑफिस एका लाईनवर आणि घर दुसऱ्या लाईनवर असलं तरी चालतं. ब्लू लाईनचं काम चालूय, ती मिरदिफ, इंटरनॅशनल सिटी, सिलिकॉन ओएसिस या बाजूला जाणारे, टार्गेट २०२९ चं. एजंट मेट्रो येणार येणार म्हणून आजच भाडं वाढवून सांगतात, तेव्हा मेट्रो येईल तेव्हा येईल, तुमचा करार एक वर्षाचा आहे.

ऊन आम्हाला माहितीये, असं म्हणू नका

खान्देशातला माणूस म्हणणारच, आम्ही भुसावळचा मे महिना काढलाय, ४५-४६ आमच्यासाठी नवीन नाही. बरोबर आहे, पण आपलं ऊन कोरडं. सावलीत गेलं, डोक्याला उपरणं गुंडाळलं, कूलर लावला की जीव थंड होतो, रात्री गच्चीवर वारं सुटतं. दुबईला बाजूलाच समुद्र. जुलै-ऑगस्टमधे हवेत एवढी दमट वाफ असते की रात्री १० ला बिल्डिंगच्या बाहेर पडलं तरी चष्म्यावर धुकं जमतं आणि शर्ट पाठीला चिकटतो. कूलरचा काही उपयोग नाही, सावलीचाही फार नाही. इथं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे, यावरून समजा.

म्हणून जाहिरातीत मेट्रोपासून ५ मिनिटं लिहिलंय त्याचा अर्थ गाडीनं ५ मिनिटं की चालत, ते स्वतः चालून बघायचं, आणि शक्यतो दुपारी. स्टेशनच्या एसी पुलावरून खाली उतरल्यावर बिल्डिंगच्या दारापर्यंत फुटपाथ सलग आहे का, मधे रिकामा रेतीचा प्लॉट ओलांडायला लागतो का, सिग्नलला उभं राहायला सावली आहे का. डिसेंबरात घर बघितलं की हे कायबी जाणवत नाही, तेव्हा हवा आपल्या दिवाळीसारखी असते. आणि रिकामा प्लॉट दिसला की अजून एक धरायचं, उद्या तिथं क्रेन लागणार, धूळ न ठकठक वर्षभर.

पावसाचं पण विचारा. हसू नका. १६ एप्रिल २०२४ ला १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस झाला, बऱ्याच बेसमेंट पार्किंगमधे गाड्या बुडाल्या, काही भागांत पाणी कितीतरी दिवस हटेना. एजंटला विचारून फायदा नाही, वॉचमनला विचारा, तो बहुतेक आपल्या नाहीतर शेजारच्या देशाचा असतो, हिंदीत सरळ सांगतो पाणी कुठपर्यंत आलं होतं ते.

आता एरिया

बर दुबई, करामा, मनखूल हा जुना भाग आणि आपल्या माणसाला पहिल्या वर्षी सगळ्यात सोपा. मीना बाजार, किराणा, मिठाई, शिंपी, डॉक्टर सगळं पायी. अल अदिलचं मराठी माणसाचं दुकान आहे, त्यामुळं भाजणी-मसाल्यासाठी प्रत्येक वेळी घरून पार्सल मागवायची गरज नाही, कळण्याचं पीठ मात्र बॅगेत आणा. खाडी ओलांडून देराला जायला साधी अब्रा म्हणजे लाकडी होडी, भाडं १ दिरहॅम, सोनं बाजारात काम करणाऱ्या जळगावच्या कारागिरांना ही बाजू एकदम सोयीची. तोटे पण आहेत, बिल्डिंगा जुन्या, लिफ्ट लहान, पार्किंगसाठी रात्री चकरा माराव्या लागतात, आणि भाडं जुनं घर असूनही कमी नाही. बर दुबईतलं जुनं शिवमंदिर २०२४ च्या सुरुवातीला जबल अलीला हलवलंय, तिथलं नवं हिंदू मंदिर २०२२ ला उघडलं, म्हणजे मंदिराजवळ म्हणून बर दुबई घेणार असाल तर ते गणित आता बदललंय.

अल कुसैस आणि अल नाहदा म्हणजे फॅमिलीवाल्यांचा एरिया. इंडियन शाळा भरपूर, ग्रीन लाईन आहे, करामापेक्षा घरं मोठी मिळतात. शेजारच्या शारजा अमिरातीची हद्द लागून आहे त्यामुळं संध्याकाळी अल इत्तिहाद रोडकडचं ट्रॅफिक डोकं फिरवतं, पण तुमचं ऑफिस विमानतळ, देरा, एअरपोर्ट फ्री झोन या बाजूला असेल तर त्या ट्रॅफिकशी तुमचा संबंध फारसा येत नाही. ऑफिस मीडिया सिटीला आणि घर कुसैसला, हे मात्र करू नका, रोजचे तीन तास रस्त्यावर जातील.

त्या बाजूला ऑफिस असेल, म्हणजे इंटरनेट सिटी, मरीना, जबल अली फ्री झोन, तर डिस्कव्हरी गार्डन्स बघा. तिथं मेट्रो स्टेशन आहे, बिल्डिंगा बुटक्या, मधे झाडं, आणि आपली माणसं एवढी की संध्याकाळी खाली बायका भाजी घेताना हिंदी-गुजराती-मराठी सगळं ऐकू येतं. अल फुरजान जरा नवीन आणि महाग. जेएलटी म्हणजे जुमेरा लेक टॉवर्स, टॉवरवाला, मेट्रोला लागून, एकटा माणूस नाहीतर नवराबायको दोघं नोकरीवाले असतील तर चांगला.

जेव्हीसी, म्हणजे जुमेरा व्हिलेज सर्कल. रील्समधे हाच सगळ्यात जास्त दिसतो, नवीन बिल्डिंग, स्विमिंग पूल, जिम. घर खरंच छान असतात. पण मेट्रो नाही, आत-बाहेर जायचे रस्ते मोजके, सकाळी बाहेर पडायलाच वेळ जातो, आणि अजून अर्ध्या प्लॉटांवर काम चालूय. गाडी असेल तर जा, नसेल तर नाही.

इंटरनॅशनल सिटी स्वस्त, चायना, इंग्लंड, पर्शिया अशा नावांचे क्लस्टर, बाजूला ड्रॅगन मार्ट. सध्या बसवर अवलंबून, आणि अवीरच्या सांडपाणी प्लँटकडून वारं आलं की वास येतो, म्हणून घर बघायला एकदा संध्याकाळी पण जा. सिलिकॉन ओएसिस शांत, आयटीवाल्या फॅमिलीला बरं. मिरदिफ मोकळं, पण डोक्यावरून विमानं जातात.

शारजा. भाडं कमी, हे खरं. मेट्रो नाही, दारू पूर्ण बंद, सुट्टी शुक्रवार ते रविवार आणि करार, वीज सगळ्याचे नियम वेगळे. नवराबायकोपैकी एकाचं तरी काम शारजातच असेल तर घ्या. दोघं दुबईत कामाला आणि राहायला शारजा, हे बघितलंय मी लोकांचं, पोरं झोपल्यावर बाप घरी येतो.

पाम, डाऊनटाऊन, एमिरेट्स हिल्स, हे फिरायला.

शाळा असेल तर ती आधी

दुबईच्या खाजगी शाळांची तपासणी केएचडीए हे सरकारी खातं करतं, आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अॅक्सेप्टेबल, वीक असे शेरे देतं, रिपोर्ट साईटवर फुकट वाचायला मिळतात. इंडियन बोर्डाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात, बाकीच्या बहुतेक सप्टेंबरला. चांगल्या इंडियन शाळेत सीट मिळणं हे फ्लॅट मिळण्यापेक्षा अवघड असतं म्हणून सीट कन्फर्म झाल्यावरच एरिया लॉक करा, आणि शाळेची बस तुमच्या बिल्डिंगपर्यंत येते का, पहाटे किती वाजता उचलते हे शाळेच्या ट्रान्सपोर्टवाल्यालाच विचारा. लांबच्या एरियात सहावीतलं पोरगं अंधारात उठून बसमधे झोपतं.

भाडं म्हणजे नुसतं भाडं नाही

उदाहरण धरू, वर्षाला ६०,००० दिरहॅमचा फ्लॅट. इथं भाडं वर्षाचं सांगतात, महिन्याचं नाही, आणि ते १, २, ४, ६ अशा चेकमधे. चेक जितके कमी तितका मालक खुश, भाडं थोडं खाली येतं. ४ चेक ठरले तर हातात चावी यायच्या आधी किती जातात बघा: पहिला चेक १५,०००, एजंटचं कमिशन साधारण ५ टक्के म्हणजे ३,००० आणि त्यावर व्हॅट, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे अजून ३,००० (फर्निश्ड असेल तर १० टक्के मागतात), वीज-पाण्याचं म्हणजे डेवाचं डिपॉझिट फ्लॅटला २,०००, एजारीची फी. तेवीस हजारांच्या वर गेले आणि घरात अजून गादी पण नाही. नवीन नोकरीत काही कंपन्या भाड्यासाठी आगाऊ पैसे देतात, एचआरला विचारायला लाजू नका.

चेकबद्दल एवढंच की खात्यात पैसे नसताना चेक गेला तर २०२२ पासून पूर्वीसारखी थेट फौजदारी नाही, पण मालक सरळ कोर्टात वसुली लावू शकतो आणि प्रवासबंदीपर्यंत जातं. गावाकडच्या उधारीसारखं पुढच्या महिन्यात देतो चालत नाही.

मग दर महिन्याचं डेवाचं बिल. त्यात चार ओळी बघायच्या: वीज, पाणी, सांडपाणी आणि हाऊसिंग फी. ही हाऊसिंग फी म्हणजे वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बाराने भागून, आपल्या उदाहरणात महिन्याला २५०. एजंट हे कधी स्वतःहून सांगत नाही. विजेचा पहिला स्लॅब २,००० युनिटपर्यंत युनिटला २३ फिल्स (१०० फिल्सचा एक दिरहॅम), वर फ्युएल सरचार्ज आणि ५ टक्के व्हॅट.

आता चिलर. काही बिल्डिंगांत एसी डेवाच्या विजेवर चालतो, काहींत सगळ्या एरियाला एकाच प्लँटमधून थंड पाणी येतं आणि त्याचं बिल वेगळ्या कंपनीचं. या दुसऱ्या प्रकारात वापराच्या पैशांशिवाय एक ठरलेला चार्ज असतो जो घर बंद असलं तरी लागतो. शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमधे, तेव्हा बायकोपोरं दोन महिने अमळनेरला आणि इकडे चिलरचं बिल चालूच. जाहिरातीत चिलर फ्री लिहिलेलं असेल तर ते करारात लिहून घ्या. आणि कुठलंही घर असो, आधीच्या भाडेकरूचं ऑगस्टचं बिल बघायला मागा, जानेवारीचं दाखवतील ते घेऊ नका.

फ्लॅटमधे गेल्यावर

नुसता व्ह्यू बघू नका, दिशा बघा. पश्चिमेला काचेचा मोठा हॉल म्हणजे दुपारी ३ पासून एसी हरतो.

किचनवर मी जास्त वेळ घालवतो, कारण आपलं खाणं. नवीन टॉवरांत किचन उघडं असतं, हॉललाच जोडलेलं, आणि शेगडी इलेक्ट्रिक काचेची. त्यावर भाकरी कशीबशी होते, भरताचं वांगं भाजायला मात्र ज्वाळ लागते, ती कुठून आणणार? मिरच्या भाजल्या की स्मोक डिटेक्टर ओरडतो, शेवभाजीच्या फोडणीचा ठसका सोफ्याच्या कव्हरमधे आठवडाभर बसतो. करामा, कुसैसच्या जुन्या बिल्डिंगांत किचन बंद, खिडकीवालं, आणि गॅसची शेगडी बऱ्याच ठिकाणी मिळते. ज्या घरी रोज ठेचा होतो त्यांनी स्विमिंग पूल सोडून हे बघावं. बाल्कनी आहे म्हणून पापड, कपडे वाळत घालायचा विचार असेल तर रस्त्यावरून दिसेल असं कपडे लटकवल्यावर म्युनिसिपालिटी दंड लावू शकते, आतल्या आत स्टँड लावा.

एकटे असाल तर आधीच विचारा बॅचलर चालतो का. खूप बिल्डिंगा फक्त फॅमिली घेतात आणि व्हिलाच्या एरियात बॅचलर शेअरिंगला बंदी आहे.

कागद

घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. जाहिरातीवर परमिट नंबर असतो, एजंटकडे रेराचं, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, कार्ड असतं, दोन्ही तपासा. मालकीचा कागद म्हणजे टायटल डीड आणि मालकाचा पासपोर्ट किंवा आयडी यांच्या कॉपी मागा, चेक टायटल डीडवर जे नाव आहे त्याच नावाने, एजंटच्या नावाने नाही. मालकाच्या वतीनं दुसरा कुणी सही करत असेल तर पॉवर ऑफ अटर्नी दाखव म्हणायचं. करारात दुरुस्तीचं कलम वाचा, बऱ्याचदा पाचशे-हजार दिरहॅमपर्यंतचं काम भाडेकरूनं करायचं असं घातलेलं असतं, आणि एसी सर्व्हिसिंग कुणाकडे ते स्पष्ट लिहून घ्या. चावी मिळाल्यावर सामान लावायच्या आधी भिंती, नळ, टाईल्स, एसीचे फिल्टर सगळ्याचे फोटो काढून मालकाला ईमेल करा, डिपॉझिट परत घेताना हेच कामाला येतात.

पुढच्या वर्षीच्या भाडेवाढीची भीती सगळ्यांनाच असते. मालकाला करारात काही बदल करायचा असेल, भाडं धरून, तर ९० दिवस आधी कळवावं लागतं, आणि किती वाढवता येईल हे २०१३ च्या डिक्रीनं बांधलेलं आहे: तुमचं भाडं बाजारापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य, ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के, तसं करत ४० च्या वर कमी असेल तर जास्तीत जास्त २०. बाजारभाव दुबई लँड डिपार्टमेंटच्या रेंटल इंडेक्सवर बघायचा, २०२५ पासून तो बिल्डिंगनुसार दाखवतात. सही करायच्या आधीच तिथं बघून घ्या, तुमचं भाडं आत्ताच इंडेक्सच्या बरोबरीनं असेल तर पुढच्या वर्षी वाढीला फार जागा उरत नाही. स्वतः राहायचंय किंवा विकायचंय म्हणून घर रिकामं करायला सांगायचं तर मालकाला नोटरी किंवा रजिस्टर्ड पोस्टानं १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, व्हॉट्सअॅपवर टाकलेला मेसेज नोटीस होत नाही. आधीचा भाडेकरू का गेला हे पण विचारा, विकायचंय म्हणून काढलं असेल आणि लगेच घर परत भाड्याला लावलं असेल तर त्या मालकाकडे जाऊ नका.